‘वर’ने सुरू होणारं काहीही

"गौतमी, मेळावा उघडायला जावं तर तुझा भाऊ उघडतोय!"

मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवरून शालनकाकू ओरडतच खाली आल्या. एका हातात फोन, दुसऱ्या हातात अत्तरदाणी, पदर कमरेला खोचलेला. मी नुकती कुठं स्कूटर झाडाखाली लावत होते.

"काय उघडतोय?"

"तुझा भाऊ. आपला मुकुंद. बघ की. हे निमंत्रण. हे मी दाबलं. आणि हा आला!"

खरंच आला. काकूंनी आदल्या रात्री व्हॉट्सॲपवरून सगळ्या तालुक्याला निरोप पाठवला होता, ‘वार्षिक मेळाव्याचे सविस्तर निमंत्रण पाहण्यासाठी येथे दाबा’. त्याखालच्या निळ्या अक्षरांवर बोट टेकलं की वधू-वर मेळाव्याची वेळ, ठिकाण आणि कार्यक्रम दिसायला हवे होते. त्याऐवजी मी बनवलेलं ॲप उघडत होतं, आणि त्यात माझा मुकुंददादा. चौकड्यांचा शर्ट, चापून पाडलेला भांग, आणि आता कुणीतरी इंजेक्शन देणार आहे असा चेहरा. खाली नोंदणी क्रमांक एक, शिक्षण आयटीआय, व्यवसाय मोटार रिवाइंडिंग, आणि दादाचा फोन नंबर.

मी काकूंचा फोन हातात घेऊन पुन्हा बघितलं.

"काकू, दादाचं नाव तुम्ही काढलं होतं ना?"

काकू अत्तरदाणीचं झाकण उगाचच फिरवू लागल्या.

"काढलं म्हणजे... झाकलं होतं. अगं, बोहनीचा वर तो माझा! केंद्र काढलं त्या दिवशी पहिलं नाव त्याचं लिहिलंय मी. बोहनीचं नाव पुसतं का कुणी?"

ही हकिगत तासगावातली, माझं लग्न ठरलं होतं त्या वर्षीची. माझं ठरलं होतं आणि दादाचं नाही, हे आमच्या घरातलं न बोललं जाणारं दुखणं होतं. तसं आमच्या घरात काहीच फारसं बोललं जात नसे. वडील मी शाळेत असतानाच गेले, आईलाही जाऊन काही वर्षं झाली होती, आणि दादाचं म्हणाल तर तो मोटारी भरायचा. द्राक्षबागांचा मुलूख आमचा. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती उचलून दादाच्या दुकानात आणून टाकायचा. दादा जळकी तार उलगडून काढायचा आणि नवी तार वेढ्यावर वेढा देत भरायचा. मध्येच बोललं तर वेढे मोजायला चुकतात. या कामानं तो गप्प झाला, की मुळातच गप्प म्हणून या कामात रमला, ते देवाला ठाऊक.

मुली बघायच्या कार्यक्रमात मात्र हा गप्पपणा फार महागात पडायचा. माणसं चांगली होती, दादाबद्दल वाईट कुणी बोललं नाही, पण नकार यायचा तो यायचाच. शेवटच्या वेळी कवठ्याला मुलीच्या काकानं भरल्या बैठकीत विचारलं, "मुलगा मुका हाय व्हय?" दादाच्या हातात पोह्यांची बशी होती. ती खाली ठेवून "न्हाई" एवढं म्हणायलाही त्याला वेळ लागला, आणि तोवर सगळे हसून मोकळे झाले होते. गावात परतल्यावर तो घरी न येता थेट काकूंकडे गेला. "माझं नाव काढा," म्हणाला. "आता कुणापुढं बसायचं न्हाई मला." घरी येऊन मलाही बजावलं, "तुझ्या त्या ॲपात मला घालू नकोस. शपथ घे." मी घेतली.

मार्गशीर्षात मी लग्न होऊन पुण्याला जाणार होते. मग घरात दादा आणि छताचा पंखा. याची मला किती धास्ती होती ते कुणाला सांगायची सोय नव्हती. दादानं पुन्हा उभं राहावं असं मला रोज वाटायचं. पण लोक त्याला पुन्हा हसणार असतील, तर नकोच, असंही तितक्याच वेळा वाटायचं.

आणि आता तो तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर उभा होता.

ॲपची भानगड सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लोक आपापल्या मुलामुलींची नावं पुण्यामुंबईच्या मोठमोठ्या वेबसाइटींवर घालायला लागले होते. शालनकाकूंच्या ‘मंगलतोरण वधू-वर सूचक केंद्रा’कडं कुणी फिरकेना. तेव्हा काकूंनी मला ॲप बनवायला बसवलं. फोनवर एखादी लिंक दाबली की फोन आधी बघतो, ही कुणाची. ॲपनं त्याला सांगून ठेवायचं असतं, की अमुक नमुन्याची लिंक आली तर माझ्याकडं धाड, बाकीच्या जाऊ देत ब्राउझरकडं. मी दोनच नमुने सांगून ठेवले होते. ‘वधू’ने सुरू होणारं काहीही आलं तर वधूच्या पानावर ने. ‘वर’ने सुरू होणारं काहीही आलं तर वराच्या पानावर ने. मेळाव्याच्या पानाचं नाव मी नुसतं ‘मेळावा’ ठेवलं होतं आणि ते ब्राउझरात निमूट उघडत होतं. मी स्वतः तपासलं होतं.

पण काकूंना मराठीचा भारी अभिमान. "नुसता ‘मेळावा’ काय? कुस्त्यांचा का गुरांचा?" असं म्हणत त्यांनी आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं पानाचं नाव ‘वार्षिक मेळावा’ करून टाकलं. नाव कसं बदलायचं हे मीच कौतुकानं शिकवलं होतं. लिंक इंग्रजी अक्षरांत, आणि वार्षिक इंग्रजीत लिहिलं की सुरुवात होते व्ही, ए, आर. फोननं बघितलं, ‘वर’! धरला आणि ॲपात नेऊन सोडला. ॲपनं ‘शिक मेळावा’ नावाचा वर शोधला. तो काही सापडेना. न सापडला तर पान कोरं दिसू नये म्हणून मी ॲपाला सांगून ठेवलं होतं, की पहिला वर दाखव. पहिला वर झाकलेला असला तरी पहिलाच.

"मग बदल की ते," काकू म्हणाल्या.

"एक तिरकी रेघ राहिलीय, काकू. ‘वर’च्या पुढं रेघ दिली की ‘वार्षिक’ त्यात बसणार नाही. पण ती ॲपात द्यायला लागते, आणि ते सगळ्यांच्या फोनात पोचायला उद्या-परवा उजाडेल."

"आणि आज?"

"आज दादाचं नाव यादीतून पुसून टाकायचं. म्हणजे दोन नंबरचा वर दिसेल."

"दोन नंबरला जतचा वकील आहे. कोर्टात खेचेल मला!"

मी उभ्याउभ्या फोनवरूनच पानाचं नाव परत ‘मेळावा’ केलं आणि काकूंनी नवी लिंक पाठवली. पण जुनी तोवर विट्या-जतपर्यंत पोचली होती, आणि ज्याला त्याला पुढं पाठवायची घाई. एक उपाय होता. यादीच्या डोक्यावर एक खोटंच नाव घालायचं, फोटोच्या जागी गणपती. त्याला लॅपटॉप हवा होता आणि तो घरी होता. मी स्कूटर वळवली, तेवढ्यात फाटकातून दादा आत आला.

दुकानातून तसाच उठून आला होता. अंगात कामाचा शर्ट, बोटांना व्हार्निश, आणि कानाला फोन.

"हां. हां, जेवण हाय. न्हाई, फोटो आणायला नकोत. हां." त्यानं फोन खाली घेतला, तर तो लगेच पुन्हा वाजायला लागला. तो तसाच वाजत ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं.

"गौतू, शपथ घेतली होतीस."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. राग नव्हताच त्यात. मला रडूच कोसळायचं बाकी होतं.

"दादा, मी नाही रे घातलं. चुकून झालंय. आत्ता घरी जाते आणि..."

फोन काही थांबेना. शेवटी त्यानं उचलला. पलीकडून एका बाईचा आवाज आला, इतका खणखणीत की मलाही शब्द न् शब्द ऐकू आला.

"हॅलो! मी मेळावा उघडायला गेले, तर तुम्हीच उघडलासा! आता तुम्हीच सांगा, कार्यालय कुठंशी आलं?"

"एसटी स्टँडच्या समोर."

"म्हंजे स्टँडकडं तोंड केलं की?"

"स्टँडकडं तोंड केलं की पाठीमागं," दादा म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं सांगितलं, "तुम्ही स्टँडातनं बाहेर या. समोर बेदाण्याचं दुकान दिसंल. त्याच्या अंगाला निळं फाटक. आत चिंच हाय."

"बरं. आणि रस्ता ओलांडाय सिग्नल हाय का?"

"सिग्नल न्हाई. पण रविवार हाय, गाड्या कमी असत्यात. बघून या."

महिन्याभरात मी त्याच्या तोंडून एका दमात इतकं ऐकलं नव्हतं. सकाळपासून बहुधा शंभर जणांना हेच सांगून त्याची जीभ जरा सैल झाली असावी.

"तुम्ही पण हायसा का मेळाव्याला?" बाईंनी विचारलं.

"न्हाई," दादा म्हणाला. "मी चुकून दिसतोय."

त्यानं फोन ठेवला. पुढं तो मला काय म्हणणार होता कोण जाणे, कारण त्याच क्षणी घाटगे गुरुजी धावत आले. गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा माईक त्यांच्याच हातात. प्रमुख पाहुणे म्हणून सांगलीच्या कुठल्याशा बँकेचे चेअरमन येणार होते आणि अर्थातच आले नव्हते. गुरुजींनी दादाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हात जोडले.

"या, या, साहेब! पाहुणा वेळेवर आला, नवलच म्हणायचं!"

"मी न्हवं..." दादानं सुरुवात केली.

"असं कसं? सकाळीच निमंत्रण उघडलं मी. पहिल्याच पानावर आपला फोटो, खाली क्रमांक एक! चला, चला, लोक ताटकळलेत."

दादाचा दंड धरून ते निघालेसुद्धा. आत सनईची रेकॉर्ड दणदणत होती. मी मागं पळत गेले आणि गुरुजींच्या कानाशी ओरडले, "गुरुजी, तो माझा भाऊ आहे!"

"तुझा? मग तर दुधात साखर!" गुरुजी म्हणाले आणि व्यासपीठ चढले.

काकू दारात एका वरमाईच्या तावडीत सापडल्या होत्या. "आमचा पोरगा कुठाय? सगळ्या फोनात ह्योच एकटा नवरदेव!" असा तिचा तंटा चालला होता. काकूंचं लक्ष जाईतो दादाच्या खांद्यावर शाल पडली होती, हातात नारळ होता आणि तो मधल्या खुर्चीवर बसला होता.

सभागृह भरलेलं होतं. एका बाजूला घडीच्या खुणा असलेल्या नव्या शर्टांतली मुलं, दुसऱ्या बाजूला मुली, मधल्या रांगांत आया, आणि भिंतीला टेकून बाप. सनई थांबली. गुरुजींनी माईकवर फुंकर मारली.

"ज्यांचं दर्शन आज सकाळपासून आपण सर्वांनी आपापल्या फोनवर घेतलं, ते आजचे प्रमुख पाहुणे आपल्यात आले आहेत."

लोकांनी फोनकडं बघितलं, दादाकडं बघितलं, आणि खरंच तोच आहे हे पटून कडकडून टाळ्या वाजवल्या. भिंतीकडचे एक गृहस्थ उठून उभेही राहिले.

"त्यांनी विवाहेच्छुक तरुणांना दोन शब्द मार्गदर्शन करावं, अशी मी विनंती करतो."

आणि माईक दादाच्या हातात आला. काळी बोटं, पांढरा नारळ, नवी शाल. मी व्यासपीठाच्या पायरीशी उभी होते. मला कवठ्याची बैठक आठवली. आता हसतील. दोनशे माणसं एकदम हसतील, आणि दादा यानंतर गावात मान वर करून चालणार नाही. खाली उतर, असं मी हातानं खुणावत होते. त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. पोरींच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"मी पाहुणा न्हाई," दादा म्हणाला.

"जरा मोठ्यानं!" शेवटच्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "मागं ऐकाय येत न्हाई!"

तो आवाज मी ओळखला. दादानंही ओळखला असावा, कारण त्यानं माईक तोंडाजवळ घेतला.

"मी पाहुणा न्हाई. मी मुकुंद ढवळे. स्टँडामागं माझं दुकान हाय, मोटारी भरतो. काकूंच्या केंद्रात माझं नाव होतं. ते मी काढाय सांगितलं, कारण मला बोलाय जमत न्हाई. ते चुकून राहिलं आणि तुमच्या सगळ्यांच्या फोनात आलं." तो थांबला. "कुणाची गैरसोय झाली असंल तर माफ करा. फोन आले त्या सगळ्यांना पत्ता सांगितलाय. कोण राहिलं असंल तर आता सांगतो."

सगळे हसले. पण कवठ्याला हसले तसे नव्हे. आपल्या माणसाच्या गमतीला हसतात तसे हसले. गुरुजींनी कपाळावर हात मारून घेतला. दादा नारळ खुर्चीवर ठेवून उतरायला निघाला.

"पत्ता बरोबर सांगितलासा!" मागचा आवाज म्हणाला. "पण एक राहिलं."

आता सगळ्या माना मागं वळल्या. साध्या सुती साडीतली एक बाई उभी होती, चाळिशीच्या आतबाहेरची, उंच, सावळी, हातात फोन.

"सगळ्यांच्या पानावर ‘अपेक्षा’ म्हणून लिहिलंय. गोरी पायजे, नोकरीवाली पायजे, काय काय. तुमच्या पानावर अपेक्षा म्हणून शब्द हाय आणि पुढं काहीच न्हाई. ते का?"

गुरुजींनी माईक परत घ्यायला हात पुढं केला. दादानं दिला नाही.

त्यानं माघारी वळून खुर्चीवरचा नारळ सरळ केला. मला वाटलं, आता काही येत नाही.

"लिहिणार होतो," शेवटी तो म्हणाला. "लाज वाटली."

"आता सांगा की. आता काय, सगळ्यांनी बघितलंच हाय तुम्हाला."

"घरात बोलणारं माणूस पायजे," दादा म्हणाला.

कुणी हसलं नाही.

"आई होती तवर ती बोलायची. अंथरुणावर होती, पण दिवसभर बोलायची. मी तिच्या खाटंजवळ मोटार घेऊन बसायचो. हातानं काम करायचो आणि ऐकायचो. ती गेल्यावर लई गप्प झालंय घर. बहीण हाय, पण ती आता जाणार." त्यानं शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मला बोलाय येत न्हाई. पण ऐकाय येतंय. एकदा सांगितलेलं मला दुसऱ्यांदा सांगाय लागत न्हाई. एवढंच हाय माझ्याजवळ."

त्यानं माईक गुरुजींच्या हातात दिला आणि तो पायऱ्या उतरला. मी पायरीशीच होते. मी रडत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. ज्या घरात मी त्याच्यासोबत इतकी वर्षं राहिले, त्या घराबद्दल मला त्यानं पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं होतं, तेही माईकवरून.

बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला. खरे प्रमुख पाहुणे आले. सगळी धांदल उडाली. शाल एकच आणली होती आणि ती दादाच्या खांद्यावर होती. ती काढून घ्यायचं कुणाच्या जिवावर येईना, तेव्हा साहेबांचं गुच्छावरच भागवलं. साहेबांनी विवाह या विषयावर भरपूर मार्गदर्शन केलं. त्यातला एक शब्दही कुणाला आठवत नाही.

जेवणाच्या वेळी मी मठ्ठा वाढत होते. ती बाई पान हातात घेऊन माझ्याजवळ आली.

"तुम्हीच बहीण का? मी रंजना हसबे. विट्याची. मावसबहिणीला दाखवाय आणलंय." कोपऱ्यात एका इंजिनिअर मुलाशी बोलत असलेल्या मुलीकडं तिनं बोट केलं. "तिचं तिनंच बघून ठेवलंय, मला काय काम न्हाई. मी कंडक्टर हाय एसटीत."

"म्हणून आवाज!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय. वय जास्त आणि आवाज मोठा, ह्या दोन्हीपायी राहिले मी." हे तिनं असं सांगितलं की जणू गाडी सुटायची वेळ सांगतेय. "एक खरं सांगा, ताई. तुमचे भाऊ खरंच ऐकत्यात का? ऐकतो असं सगळीच म्हणत्यात. मी दिवसभर ओरडते, पुढं सरका, पुढं सरका. एक माणूस हलत न्हाई."

"खरंच ऐकतो," मी म्हणाले. "लहानपणी मी त्याला शाळेतली अख्खी कविता म्हणून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी मी अडले की तो पुढची ओळ सांगायचा."

"बरं," ती म्हणाली आणि पानातली जिलबी मोडू लागली.

"तुम्ही कुठल्या गाडीवर असता?" मी विचारलं.

"विटा-तासगाव."

"रोज?"

"रोजच की."

"मग स्टँडासमोरचं कार्यालय तुम्हाला माहीत नव्हतं?"

रंजना हसबेंनी जिलबीचा तुकडा तोंडात टाकला आणि डोळ्यांनी दादा कुठं बसलाय ते शोधलं. तो चिंचेखाली एकटाच पान घेऊन बसला होता, खांद्यावरची शाल कशी सांभाळावी याच्या विवंचनेत. त्या गेल्या आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

काकू माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या. मठ्ठ्याचं भांडं माझ्या हातातून कधी घेतलं ते कळलंही नाही.

"काय बोलत असेल गं ती?"

"ऐकू येत नाही."

"तिचं ऐकू येत नाही?" काकूंचा विश्वास बसेना. "मघाशी तर साऱ्या हॉलला पुरत होती."

खरंच होतं ते. रंजना हसबे हळू बोलत होत्या. त्यांचे हात हलत होते, मान हलत होती, आणि दादानं भाताचा घास उचलून तो तसाच हातात धरला होता. बऱ्याच वेळानं त्यानं काहीतरी विचारलं. त्या हसल्या, मग बोलायला लागल्या, आणि तो घास काही तोंडात गेला नाही.

मेळाव्यात त्या दिवशी बरीच स्थळं जमली. काकूंचा ऊर भरून आला होता. निमंत्रणाच्या चुकीनं कधी नव्हे ती गर्दी झाली, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या, आणि पुढल्या वर्षी अशीच चूक करशील का, असं मला विचारत होत्या. मी नाही म्हणाले. सतरंज्या गुंडाळून झाल्या तशी मी स्कूटर काढली आणि दादाला हाक मारली.

तो फाटकाशी उभा होता. शेजारी रंजना हसबे, पिशवी खांद्याला लावून. मावसबहीण मामाच्या जीपमधून आधीच गेली होती.

"तू हो पुढं," दादा म्हणाला. "मी ह्यांना स्टँडवर सोडून येतो."

मी स्टँडकडं बघितलं. मधे एक रस्ता होता, आणि त्यावर गाडी नव्हती. मी स्कूटर सुरू केली आणि घरी आले.

घरी येऊन मी केर काढला. देवापाशी दिवा लावला. भाकरी थापल्या, आमटीला फोडणी दिली. आमटी निवली, ती पुन्हा गरम केली. तेव्हा कुठं अंगणात दादाची चप्पल वाजली. शाल घडी करून काखेत होती.

"स्टँडवर सोडायला एवढा वेळ?" मी विचारलं.

दादानं हातपाय धुतले, पाटावर येऊन बसला, आणि मी ताट वाढेपर्यंत थांबला.

"विट्याच्या गाड्या आज भराभर येत होत्या," तो म्हणाला. "चार-पाच सोडाव्या लागल्या."